खेळणारा आणि खेळवणारा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुलं शाळेत रुळली की काही वर्षांत रविवारच्या दुपारी टीव्हीवर तिथला फुटबॉल लागू लागतो. आधी मुलं बघतात, मग त्यांच्या शेजारी बसून आईवडील नियम विचारू लागतात, आणि खेळ थोडासा कळायला लागला की एक प्रश्न हमखास निघतो. टॉम ब्रेडीने सात सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले. पेटन मॅनिंगला मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून पाच वेळा गौरवलं गेलं. दोघेही आता निवृत्त आहेत आणि दोघांची डोकी तल्लख आहेत. दर जानेवारीत एनएफएल या व्यावसायिक लीगमधले काही संघ आपल्या मुख्य प्रशिक्षकाला नारळ देतात आणि नव्याच्या शोधात निघतात. मग या दोघांच्या दारात रांग का लागत नाही?

प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायचं तर क्वार्टरबॅकचं काम आणि मुख्य प्रशिक्षकाचं काम, ही दोन्ही आधी जवळून बघायला हवीत.

१. क्वार्टरबॅक काय करतो

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेली, घोटून बसवलेली एक चाल. अशा चालींचा जाडजूड संग्रह म्हणजे संघाचं प्लेबुक. चाल सुरू होताच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याने तो दूरच्या सहकाऱ्याकडे फेकायचा, जवळच्याच्या हातात द्यायचा किंवा स्वतः घेऊन पळायचं. हा निर्णय साधारण तीन सेकंदांत घ्यायचा असतो, आणि तोही सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना.

त्याआधी जे घडतं ते नव्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटतं. १९९४ पासून एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो. दोन चालींच्या मध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ धावतं. प्रशिक्षक रेडिओवरून पुढची चाल कळवतो, क्वार्टरबॅक ती घोळक्यात सहकाऱ्यांना सांगतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. तिथून पुढे तो एकटा असतो. समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण खरंच पुढे येणार आहे आणि कोण नुसती हूल देतोय, हे ताडून तो ठरलेली चाल तिथल्या तिथे बदलू शकतो. मॅनिंग या कामात अजोड होता. चेंडू हलण्याआधीचे ते काही क्षण तो हातवारे करत, ओरडत, एकेकाला बोट दाखवत सगळी मांडणी फिरवायचा.

म्हणजे बाकीच्या दहा जणांनी कुठे जायचं, हे या एका माणसाला ठाऊक असावं लागतं. दुसऱ्या कुठल्याही खेळाडूवर एवढा भार नसतो. म्हणूनच वाटतं, की हा तर मैदानावरचाच प्रशिक्षक आहे. त्याला कडेला उभं केलं आणि कानाला हेडसेट लावला की झालं.

२. मुख्य प्रशिक्षक काय करतो

एनएफएल संघात ५३ खेळाडू असतात आणि त्यांच्या तीन तुकड्या असतात: आक्रमणाची, बचावाची आणि लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठीची. क्वार्टरबॅक यांतल्या फक्त पहिल्या तुकडीत असतो. बचावाची तुकडी मैदानात असते तेव्हा तो बाकावर बसून मागच्या चालींची चित्रं बघत असतो. मुख्य प्रशिक्षकाला मात्र तिन्ही तुकड्या सांभाळायच्या असतात. त्याच्या हाताखाली वीसहून अधिक सहायक प्रशिक्षक असतात. त्यांना निवडायचं, त्यांच्यात काम वाटायचं, वेळ आली तर त्यांना घरी पाठवायचं, हे सगळं त्याच्याकडे. सोमवारी कालच्या सामन्याची फिल्म, मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, आठवडाभराच्या सरावाचं मिनिटांत कापलेलं वेळापत्रक, दुखापतींचे अहवाल, पत्रकार परिषदा. शिवाय बाविशीचा एखादा मुलगा अचानक कोट्यधीश होऊन भरकटू लागला, तर त्याला खोलीत बोलावून बसवायचं. प्रत्यक्ष सामन्यात चौथ्या प्रयत्नात धोका पत्करायचा की चेंडू सोडून द्यायचा आणि हातातले तीन टाइमआउट कधी वापरायचे, हे निर्णयही त्याचेच.

पुण्याच्या गणेशोत्सवात ढोलताशा पथक पाहिलेल्या वाचकाला हा फरक चटकन कळेल. ताशावाला ठेका धरतो आणि त्याच्या इशाऱ्यावर सगळे ढोल हात बदलतात. मिरवणुकीत डोळे त्याच्यावर खिळतात आणि तो खरोखर मोलाचा असतो. पथकप्रमुख कदाचित वाजवतही नसतो. पण पावसाळ्यात सराव लावणं, नवख्याला कोणत्या रांगेत उभं करायचं ते ठरवणं, कुणाचं कुणाशी बिनसलंय ते ओळखणं आणि हौशीने महिनाभर आलेल्या एखाद्याला ऐन दिवशी बाहेर ठेवणं, ही त्याची कामं. उत्तम ताशा वाजवतो म्हणून कुणी आपोआप पथकप्रमुख होत नाही. होऊ शकतच नाही असंही नाही, पण त्यासाठी वेगळं काहीतरी शिकावं लागतं.

३. पाच दिग्गजांचा हिशेब

आता इतिहासाकडे वळू. ओहायोतल्या कँटन गावी व्यावसायिक फुटबॉलचा हॉल ऑफ फेम आहे. तिथे खेळाडू म्हणून मान मिळालेल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात व्यावसायिक संघांचे मुख्य प्रशिक्षक झालेल्या क्वार्टरबॅकांपैकी पाच जण घेऊ. त्यांचे साखळी सामन्यांतले आकडे मांडून बघू.

ग्रीन बे पॅकर्सचा बार्ट स्टार खेळाडू म्हणून पाच वेळा विजेता ठरला आणि पहिल्या दोन्ही सुपर बोलमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. त्याच पॅकर्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याने १९७५ ते १९८३ अशी नऊ वर्षं काढली. निकाल: ५२ विजय, ७६ पराभव, ३ बरोबरी.

नॉर्म व्हॅन ब्रॉकलिनने १९५१ मध्ये एका सामन्यात ५५४ यार्डांचे पास फेकले. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मिनेसोटा आणि अटलांटा या दोन संघांचा प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर ६६ विजय, १०० पराभव आणि ७ बरोबरी आहेत.

ऑटो ग्रॅहम क्लीव्हलंड ब्राउन्सकडून दहा मोसम खेळला. दहाही वर्षी त्याचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा जिंकला. वॉशिंग्टनचा प्रशिक्षक म्हणून १९६६ ते १९६८ या काळात त्याचे १७ विजय, २२ पराभव, ३ बरोबरी. बॉब वॉटरफील्डने लॉस एंजलिस रॅम्ससाठी ९ विजय मिळवले, २४ सामने गमावले, एक बरोबरीत सुटला. न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन इथे मिळून सॅमी बॉचे १८ विजय आणि २४ पराभव.

बेरीज करू: १६२ विजय, २४६ पराभव, १४ बरोबरी, एकूण ४२२ सामने. बरोबरीला अर्धा विजय धरला तर १६२ अधिक ७ म्हणजे १६९. भागिले ४२२. उत्तर येतं जेमतेम ४० टक्के. लीगमध्ये एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभवच असतो, त्यामुळे सगळ्या प्रशिक्षकांची सरासरी नेहमी ५० टक्केच येते. आपले पाचही दिग्गज, एकेकटे घेतले तरी, त्या रेषेच्या खाली आहेत.

बहुतेक चर्चा इथेच थांबतात. मोठे खेळाडू वाईट प्रशिक्षक, आकड्यांनी सिद्ध झालं, विषय संपला. मला मात्र इथे थांबणं अन्यायाचं वाटतं.

४. हातात काय मिळालं होतं?

प्रशिक्षकाची टक्केवारी वाचताना त्याच्या हाती कसला संघ आला होता, हे विचारायला हवं. व्हॅन ब्रॉकलिनला मिनेसोटात मिळाला तो १९६१ मध्ये नव्याने उभा राहिलेला संघ. इतरांनी सोडलेले खेळाडू आणि अनुभव नसलेली मुलं घेऊन सुरुवात. सॅमी बॉलाही १९६० मध्ये न्यूयॉर्क टायटन्स हा असाच कोरा संघ मिळाला, आणि कोऱ्या संघाबरोबर त्याने दोन्ही वर्षं सात विजय, सात पराभव अशी बरोबरी राखली. त्याला नापास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा समज असा, की मोठ्या नावाची ओढ दुबळ्या किंवा नव्या संघांनाच जास्त असते, कारण त्यांना आधी प्रेक्षक हवे असतात. जिंकणारा संघ सहसा प्रशिक्षक बदलत नाही.

बार्ट स्टारची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेत दरवर्षी महाविद्यालयांतून आलेल्या नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात आणि संघाचं भविष्य तिथेच घडतं. स्टारच्या आधीचे प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांनी १९७४ च्या मोसमात जॉन हॅडल हा ३४ वर्षांचा क्वार्टरबॅक मिळवण्यासाठी पुढच्या दोन ड्राफ्टमधल्या पाच जागा देऊन टाकल्या: दोन पहिल्या फेरीतल्या, दोन दुसऱ्या, एक तिसऱ्या. मोसम संपल्यावर डिव्हाइन निघून गेले आणि स्टार आला. म्हणजे घर हाती आलं तेव्हा पुढच्या दोन वर्षांचं बियाणंही विकलेलं होतं.

याचा पडताळा घेण्याची एक सोपी रीत आहे. त्याच खुर्चीत पुढे कोण बसला आणि त्याचं काय झालं, ते बघायचं. स्टारनंतर पॅकर्सनी फॉरेस्ट ग्रेगला आणलं. ग्रेग क्वार्टरबॅक नव्हता, तो आक्रमणाच्या पुढच्या फळीत झुंजणारा खेळाडू. शिवाय सिनसिनाटीच्या संघाला सुपर बोलपर्यंत नेऊन आलेला अनुभवी प्रशिक्षक. ग्रीन बेमध्ये चार वर्षांत त्याचे २५ विजय, ३७ पराभव, एक बरोबरी. टक्केवारी काढली तर ग्रेग ४०.५, स्टार ४०.८. अनुभवी माणूस आला तरी काटा हलला नाही. आजार बराचसा संघाचा होता.

हीच कसोटी ऑटो ग्रॅहमला लावली की मात्र उलट चित्र दिसतं. १९६८ मध्ये त्याच्या वॉशिंग्टनने पाच सामने जिंकले आणि नऊ गमावले. पुढच्या वर्षी व्हिन्स लोम्बार्डी आले. क्वार्टरबॅक तोच, सनी जर्गेन्सन. त्याच संघाने सात जिंकले, पाच गमावले, दोन बरोबरीत सोडवले. लोम्बार्डी हे अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं प्रशिक्षकाचं नाव, सुपर बोलचा चषकही त्यांच्याच नावाचा. ते स्वतः महाविद्यालयात पुढच्या फळीत खेळत आणि व्यावसायिक संघात येण्याआधी त्यांनी न्यू जर्सीच्या एका शाळेत वर्षानुवर्षं मुलांना खेळ शिकवला होता, वर्गात विज्ञानही शिकवलं होतं. मिनेसोटातही तसंच झालं. व्हॅन ब्रॉकलिन गेल्यावर बड ग्रँट आले आणि त्यांनी तो संघ चार वेळा सुपर बोलपर्यंत नेला.

तेव्हा आकड्यांतून निघतं ते एवढंच: या पाचांची कामगिरी दिसते तितकी वाईट नव्हती, पण त्यांच्या महान खेळाचा प्रशिक्षक म्हणून काही खास उपयोग झाल्याचंही कुठे दिसत नाही. एवढं ज्ञान असून उपयोग का होऊ नये?

५. कळतं, पण सांगता येत नाही

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक सोपा प्रयोग केला. काही जणांना सर्वांच्या ओळखीची गाणी दिली आणि त्यांचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली.

घरी करून बघा. तोंडपाठ असलेली आरती मनातल्या मनात म्हणत टेबलावर बोटं वाजवा आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात चाल, शब्द, झांजा सगळं वाजत असतं. त्याला ऐकू येते नुसती टकटक. आणि त्याला साधं एवढंही कसं कळत नाही, असं तुम्हाला वाटत राहतं. मानसशास्त्रज्ञ याला ज्ञानाचा शाप म्हणतात: एकदा एखादी गोष्ट आपल्याला आली की ती न येणाऱ्याला काय दिसत असेल, याची कल्पनाच करता येईनाशी होते.

थोर क्वार्टरबॅकचं बरंच ज्ञान याच जातीचं असतं. समोरचा बचावपटू अर्धं पाऊल डावीकडे झुकला, हे त्याने पाहिलं आणि चेंडू उजवीकडे गेला. हजारो वेळा केल्यामुळे बघणं आणि करणं यांच्यातली पायरीच पुसली गेली आहे. नवख्याला शिकवताना ती पायरी पुन्हा बांधावी लागते: पाय कुठे, नजर आधी कुणावर, तो इकडे वळला तर काय, तिकडे वळला तर काय. ज्याला ती कधी पायरी वाटलीच नाही, त्याला ती दुसऱ्यासाठी घडवणं फार जड जातं.

याहून मोठा धोका म्हणजे आपलाच साचा खरा वाटणं. व्हॅन ब्रॉकलिन हा जागेवर उभा राहून, सहकाऱ्यांच्या भिंतीआडून जोरकस पास फेकणारा खेळाडू होता. मिनेसोटात त्याला मिळाला फ्रॅन टार्केंटन, अंगावर कुणी आलं की भिंतीबाहेर पळत सुटणारा, इकडून तिकडे धावून दमवणारा आणि मग पास फेकणारा. पहिल्याच सामन्यात त्याने शिकागो बेअर्सवर ३७-१३ असा विजय मिळवून दिला होता. तरीही त्याचं ते पळणं प्रशिक्षकाला कधी मानवलं नाही. सहा वर्षं दोघांचं खटकत राहिलं आणि १९६६ च्या मोसमानंतर दोघांनीही संघ सोडला. टार्केंटन १९७८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा पास फेकून मिळवलेल्या यार्डांचा आणि टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या, पासांचा, असे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर होते. म्हणजे प्रशिक्षकाला जी खोड वाटत होती, तीच त्याची ताकद होती.

याच्या दुसऱ्या टोकाला बघा. ब्रेडीला घडवणारे बिल बेलिचिक, जो मोंटानाला घडवणारे बिल वॉल्श, पॅट्रिक महोम्सला घडवणारे अँडी रीड. तिघेही एनएफएलमध्ये एकही सामना खेळलेले नाहीत. मला वाटतं, स्वतःचा साचाच नसल्यामुळे समोरचा मुलगा काय करू शकतो, हे बघण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

६. बाकावरची शाळा

या गोष्टीत एक तिसरं पात्र आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, मुख्य खेळाडूला दुखापत झाली तर उभा राहणारा.

त्याचा आठवडा कसा जातो? प्लेबुक त्यालाही तितकंच पाठ असावं लागतं, कारण कधी उतरावं लागेल याचा नेम नसतो. पण सरावातला मुख्य वेळ तारांकित खेळाडूला मिळतो. राखीवाला बहुधा येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायला लावतात, म्हणजे आपल्या बचावाला सराव होतो. त्यामुळे दर आठवड्याला तो एका वेगळ्या संघाच्या डोक्यातून विचार करतो. सामन्याच्या दिवशी तो मैदानाच्या कडेला प्रशिक्षकांच्या शेजारी उभा असतो, रेडिओवरचं बोलणं ऐकतो, चाल का निवडली आणि का फसली याची नोंद ठेवतो. दैवी हात नसल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट डोक्याने समजून घ्यावी लागते, आणि डोक्याने समजलेलं दुसऱ्याला सांगता येतं.

याचं ठसठशीत उदाहरण डेन्व्हरमध्ये घडलं. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये जॉन एल्वेची निवड सगळ्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर झाली आणि तो डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे आला. त्याच ड्राफ्टच्या आठव्या फेरीत ब्रॉन्कोजनी गॅरी क्युबियाकला घेतलं. क्युबियाक नऊ मोसम एल्वेच्या मागे उभा राहिला. निवृत्तीनंतर तो टेक्सास ए अँड एम विद्यापीठात सहायक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोत क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक, मग डेन्व्हरमध्ये आक्रमणाचा प्रमुख. त्या काळात तिथे खेळणारा क्वार्टरबॅक होता एल्वेच, आणि दोघांनी मिळून दोन सुपर बोल जिंकले. पुढे ह्यूस्टनचं मुख्य प्रशिक्षकपद आलं, तिथून हकालपट्टी झाली, बाल्टिमोरमध्ये पुन्हा सहायकाचं काम करावं लागलं.

एल्वे २०११ पासून ब्रॉन्कोजच्या व्यवस्थापनात होता, संघ बांधण्याचं काम त्याच्याकडे होतं. २०१५ मध्ये मुख्य प्रशिक्षक नेमायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या जुन्या राखीवाला बोलावलं. त्या मोसमात क्युबियाकसमोर अवघड प्रसंग आला. संघाचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग, ३९ वर्षांचा, दुखापतींनी बेजार. नोव्हेंबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि क्युबियाकने त्याला बाहेर बसवलं. आठवडे गेले. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात संघ अडखळू लागला तेव्हा त्यानेच मॅनिंगला पुन्हा उतरवलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ब्रॉन्कोजनी पन्नासावा सुपर बोल २४-१० असा जिंकला. एका थोर क्वार्टरबॅकने संघ बांधला होता, दुसरा मैदानात होता, आणि खेळवणारा होता आयुष्यभर बाकावर बसलेला माणूस.

दोनच वर्षांनी असंच पुन्हा घडलं. फिलाडेल्फियाचा प्रशिक्षक डग पीडरसन हा एके काळी ब्रेट फार्व्हचा राखीव. खेळ सोडल्यावर त्याने लुइझियानातल्या एका शाळेच्या संघाला चार वर्षं शिकवलं आणि मग एनएफएलमध्ये तळाच्या पायरीवर सहायक म्हणून आला. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये समोर ब्रेडी होता आणि फिलाडेल्फियाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी असल्याने निक फोल्स हा राखीव खेळत होता. मध्यंतराआधी चौथ्या प्रयत्नात फोल्स कडेला आला आणि त्याने स्वतःच एक चकव्याची चाल सुचवली, जिच्यात पास फेकणारा दुसराच आणि झेलणारा क्वार्टरबॅक. पीडरसन क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. फोल्सने चेंडू झेलला, टचडाउन झाला. त्याच सामन्यात ब्रेडीकडेही असाच पास आला होता आणि त्याच्या हातून तो सुटला होता. ब्रेडीने ५०५ यार्डांचे पास फेकले, तरी सामना फिलाडेल्फियाने ४१-३३ असा घेतला. खेळाडूचं ऐकून घेण्यासाठी थांबलेला तो क्षण मला त्या सामन्यातला सर्वांत मोलाचा वाटतो.

अलीकडचं नाव केव्हिन ओ'कॉनेल. ब्रेडीच्या मागे बसलेला, सबंध कारकिर्दीत मोजके पास फेकलेला. २०२४ च्या मोसमात तो मिनेसोटाचा प्रशिक्षक म्हणून लीगमध्ये सर्वोत्तम ठरला.

बाकावर बसणं ही यशाची हमी मात्र नव्हे. डॅलसमध्ये जेसन गॅरेटला नऊ वर्षांहून अधिक काळ मिळूनही सुपर बोलचं दार उघडलं नाही. फ्रँक राइख तर बफेलोचा असा राखीव होता, ज्याने जानेवारी १९९३ मध्ये ३२ गुणांची पिछाडी भरून काढून सामना जिंकून दिला; एनएफएलमधला तेव्हाचा तो विक्रम. पुढे इंडियानापोलिस कोल्ट्सचा प्रशिक्षक असताना नोव्हेंबर २०२२ मध्ये, मोसमाच्या मध्यावर, त्याला काढण्यात आलं. त्याच्या जागी मालकांनी कुणाला बसवलं? कोल्ट्सचाच जुना तारा जेफ सॅटर्डेला. तो क्वार्टरबॅक नव्हता, क्वार्टरबॅकच्या हाती चेंडू देणारा सेंटर होता, पण अत्यंत हुशार खेळाडू. प्रशिक्षकपदाचा अनुभव मात्र फक्त शाळेच्या संघाचा. पहिला सामना त्याने जिंकला आणि मग ओळीने सात हरला. त्यांतल्या एकात, मिनेसोटाविरुद्ध, कोल्ट्स मध्यंतराला ३३-० असे पुढे होते आणि ३९-३६ असे हरले. राइखचा ३० वर्षांचा विक्रम त्या दिवशी मोडला.

७. शिडी कोण चढणार?

सॅटर्डेची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण दोष हुशारीचा नव्हता, चुकलेल्या क्रमाचा होता. बार्ट स्टारनेही मुख्य प्रशिक्षक होण्याआधी सहायक म्हणून फक्त एक मोसम, १९७२ चा, काढला होता. क्युबियाकच्या वाट्याला सहायकाची डझनभर वर्षं आली, पीडरसनच्या वाट्याला शाळेपासूनची सगळी वाट.

तारांकित क्वार्टरबॅकला ही वाट धरता येते, याचा पुरावा आहे जिम हार्बॉ. तो हॉल ऑफ फेमच्या दर्जाचा नव्हता, पण १९९५ मध्ये पासांच्या गुणांकनात तो सबंध लीगमध्ये पहिला आला होता. व्यावसायिक संघांकडून खेळत असतानाच तो वडिलांच्या वेस्टर्न केंटकी विद्यापीठाच्या संघासाठी विनावेतन सहायक म्हणून राबायचा. निवृत्तीनंतर ओकलंडमध्ये तळाच्या सहायकाची नोकरी पत्करली, मग सॅन डिएगो विद्यापीठाच्या छोट्या संघाकडे गेला, जिथे खेळाडूंना शिष्यवृत्तीही नसते. तिथून स्टॅनफर्ड, मग सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेणं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद.

मग बाकीचे तारे हे का करत नाहीत? थोडं त्यांच्या बाजूने बघू. बेलिचिकने १९७५ मध्ये बाल्टिमोरमध्ये सुरुवात केली ती आठवड्याला २५ डॉलरवर, फिल्म बघून नोंदी करण्याच्या कामाने. तेव्हा तो नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडला होता, गमावण्यासारखं काही नव्हतं. ब्रेडीला मात्र सामन्यांचं समालोचन करण्यासाठी दहा वर्षांचे ३७.५ कोटी डॉलर मिळणार असल्याचं वृत्तपत्रांनी छापलं, आणि २०२४ मध्ये तो लास व्हेगास रेडर्सचा भागीदार-मालकही झाला. चाळिशी ओलांडलेल्या, शरीर झिजलेल्या, घरच्यांना वीस वर्षं वेळ न दिलेल्या माणसाने पहाटे अंधारात कार्यालयात जाऊन तीस वर्षांच्या तरुणाच्या हाताखाली फिल्म का कापावी? डॅन मरिनोने २००४ मध्ये मायामीच्या व्यवस्थापनातली मोठी जागा घेतली आणि तीन आठवड्यांत सोडली. त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. फिलिप रिव्हर्सने २०२१ मध्ये खेळ थांबवून अलाबामातल्या एका शाळेचा संघ शिकवायला घेतला, तेव्हा त्याची कारणंही पैशापलीकडची होती. शिकवण्याची अशी मनापासूनची ओढ असलेला तारा दिसला तर संघांनी त्याच्यावर जरूर लक्ष ठेवावं.

तेव्हा निवृत्त थोर क्वार्टरबॅक चांगला प्रशिक्षक होईल का, या प्रश्नावर माझा निकाल असा: होऊ शकेल, पण मैदानावरून थेट त्या खुर्चीत नाही. मधली चार-पाच वर्षं त्याने दुसऱ्याच्या हाताखाली, बचावाच्या तुकडीचं आणि पुढच्या फळीचं कामही शिकत काढलेली असावीत, आणि आपल्यासारखा न खेळणारा मुलगा त्याने कसा सांभाळला, हे संघमालकांनी आधी तपासावं. पहिला सुपर बोल जानेवारी १९६७ मध्ये झाला. तेव्हापासून आजवर, खेळाडू म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या एकाही क्वार्टरबॅकने मुख्य प्रशिक्षक म्हणून तो जिंकलेला नाही.